बिल्ला क्रमांक एकसष्ट

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, डोंबिवलीत एका सव्वीस वर्षांच्या विवाहितेचे डावे मनगट मोडले. त्या दिवशी एवढेच निर्विवाद होते.

दुपारी ती भावासोबत पोलीस ठाण्यात आली. फिर्यादीत दोन नावे होती. नवऱ्याने हात पिरगळला, नणंदेने धरून ठेवले. नवरा औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यात ऑपरेटर, नणंद माजिवड्याच्या एका रुग्णालयात परिचारिका. तपास माझ्याकडे आला.

संध्याकाळपर्यंत फिर्याद डळमळली. नणंद सकाळी आठपासून वॉर्डातल्या कॅमेऱ्यात दिसत होती. नवऱ्याचे हजेरी कार्ड सातला पंच झाले होते.

"साहेब, मी ड्युटीवर. बाथरूममध्ये घसरली असेल," तो म्हणाला.

डॉक्टरांच्या मते दोन्ही शक्य होते.

"तक्रार खोटी आहे. 'ब' समरी पाठवू," मी महिला हवालदाराला म्हणालो. तसा अहवाल गेला असता तर ती न्यायालयात खोटारडी ठरली असती, आणि तिला परतायला तेच घर होते.

"भावाला बाहेर बसवून एकदा विचारू का, साहेब?"

भाऊ उठताच बाई बोलली. "ताई घरी नव्हत्या. दादा बोलला, एकट्या नवऱ्याचं नाव दिलं तर पोलीस हलत नाहीत."

"आणि नवरा?" मी विचारले.

"होता ना! मग हात काय भिंतीने मोडला? सातला तो घरातून निघालेलाच नाही."

मी दोन आरोपींसाठी दोन वेगळे कागद केले. एकीवरचा आरोप खोटा होता, त्यावरून दुसऱ्यावरचा खोटा ठरत नव्हता. खराही ठरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या गेटवर गेलो. आत ज्वलनशील रसायने, म्हणून मोबाईल गेटवर जमा करावा लागे. बदल्यात ज्याच्या त्याच्या ठरलेल्या क्रमांकाचा पितळी बिल्ला मिळे आणि वहीत नोंद होई; नवऱ्याचा क्रमांक एकसष्ट होता. पंच मशीनवर कार्ड कोणीही लावू शकत होता. बिल्ल्यासाठी मात्र मोबाईल हातात द्यावा लागे.

वॉचमनने वही उघडली. "एकसष्ट नंबर? मंगळवारी कोराच आहे की."

"नोंद राहिली असेल."

"काय साहेब! माझी नोकरी घालवता काय?"

तरी मोबाईल घरी विसरला, असे तो म्हणू शकत होता. मी कॉलचा तपशील मागवला. तिसऱ्या दिवशी तो आला. मंगळवारी अकरा बेचाळीसला त्या मोबाईलवरून सहा मिनिटांचा कॉल झाला होता, आणि तो नणंदेला.

तिला बोलावले.

"भावाचा फोन आला होता?"

"हो. बोलला, माझ्या हातून तिचा हात मोडलाय. तू ये, तिला समजव, पोलिसात जाऊ देऊ नकोस."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"भाऊ आहे तो माझा. आणि तुम्ही मी कुठे होते एवढंच विचारलंत, साहेब."

चूक माझी होती. तिला मी फक्त आरोपी म्हणून तपासले होते.

संध्याकाळी नवऱ्याच्या सहकाऱ्याने कबूल केले की कार्ड त्याने लावले होते.

कल्याणच्या न्यायालयात आरोपपत्र गेले, त्यात आरोपी एकच होता. नणंद चौथी साक्षीदार होती. उलटतपासणीत तिने एकही शब्द बदलला नाही. न्यायालयाने तिच्या भावाला दोषी ठरवले.