बाळ्याचा दम

काल काय जेवलात ते तुम्हाला आठवत नाही, मग आमच्या काळाचौकीचा बाळ्या कबड्डीवाला कुठून आठवणार? पुढे सिरीयलमध्ये इन्स्पेक्टर झाला, तोच. आता नगरसेवकपदाला उभा आहे.

आज सकाळी कॅमेरेवाल्यासकट आमच्या चाळीत आला. जुन्यांतली मीच उरलेय, म्हणून माझ्या पाया पडतानाचा व्हिडिओ हवा होता. तो वाकला, तसे मी पाय लुगड्यात ओढून घेतले.

"काकी, आशीर्वाद दे ना."

"देते की. आधी एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत नळापर्यंत जा आणि परत ये."

गॅलऱ्यांत माणसं गोळा झाली होती, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. निघाला. नळाच्या अलीकडेच दम तुटला आणि गुडघा धरून खाली बसला. पोरं म्हणाली, "आऊट." कॅमेरा चालूच होता.

मी जवळ जाऊन म्हटलं, "तुझी आय शेवटी अशीच धापत होती. तू शूटिंगला होतास. पाणी मी पाजलं."

बाळ्या उठला आणि पाया न पडताच लंगडत गेला.

हे लिहून घेणारी माझी नात म्हणते, आजी, जास्तच झालं. झालं का हो? तुम्ही सांगा.

ज्यांना त्याची दया येईल त्यांनी त्याला कुळथाची पिठी पाठवा, आयच्या हातची त्याला फार आवडायची. ज्यांना माझं पटलं त्यांनी मला सुके बोंबील पाठवा, भाजून, जरा तिखट लावून.