मार्लिसची शंभरावी आणि दहावा माणूस

व्हर्लिन सोंड्रॉलने जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली. वजनमाप खात्यात नोकरी होती ना! मिनेसोटाच्या उत्तरेला असा एक पेट्रोलपंपवाला नसेल, ज्याने त्याची गाडी बघून मनात शिव्या घातल्या नसतील. तो निवृत्त झाला तेव्हा लोक म्हणाले, चला, सुटलो. कसले सुटताय! गडी शतक क्लबाच्या नियम समितीवर जाऊन बसला.

शतक क्लब म्हणजे शंभर मॅरेथॉन पुऱ्या करणाऱ्यांचा. शंभर झाल्या की निळं जॅकेट मिळतं, आणि ते घालून माणसं भर जुलैत दूध आणायला जातात. आता कुठली शर्यत धरायची आणि कुठली नाही, हे कुणीतरी ठरवायला नको? ते व्हर्लिन ठरवायचा. स्वतःच्या एक्केचाळीस झाल्यावर गुडघ्यांनी संप केला, तेव्हापासून हा बाबा दुसऱ्यांच्या मोजत बसला होता.

चर्चच्या तळघरात समिती भरायची. एकाने सहलीच्या जहाजावर डेकला फेऱ्या मारून मॅरेथॉन केली होती. व्हर्लिन म्हणाला, "जहाजही पुढे जात होतं. मग नक्की धावलं कोण?" उडवली. दुसऱ्याने आपल्याच गोठ्याभोवती शर्यत भरवली होती.

"बघायला कोण होतं?"

"गाई होत्या की."

"गाई सही करत नाहीत."

तीही उडवली. मग त्याने नियमच करून टाकला: शर्यत किमान दहा जणांनी पुरी केलेली पाहिजे. त्याहून कमी असतील तर ती शर्यत नव्हे, नुसतं फिरायला जाणं. मागच्यासुद्धा सगळ्या त्याच मापाने तपासायच्या. लिंबाच्या वड्या समोर आल्या होत्या, सगळ्यांनी पटापट हात वर केले.

त्या नियमाचा पहिला बळी कोण, तर मार्लिस एंगब्रेट. शाळेची बस चालवणारी, तोंडाने फटकळ. हिच्याच गाडीतून व्हर्लिन वीस वर्षं शर्यतींना गेला होता, हिच्याच डब्यातले सँडविच खाऊन. तिच्या शंभर झाल्या होत्या, केक कापून झाला होता. पण त्यातली एक हिमवादळातली निघाली. बाकीचे अर्ध्यातून परतले, आठच जण पोचले.

"म्हणजे घाबरून घरी गेले त्यांच्यामुळे आम्ही आठ खोटे?" मार्लिस कडाडली.

"नियम म्हणजे नियम, मार्लिस."

"तुझ्या नियमाला लागली आग!" असं म्हणून ती निघून गेली ती गेलीच. वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. व्हर्लिन वरून ताठ होता, पण रविवारी तिची गाडी दारात हॉर्न वाजवायची, तो हॉर्न वाजेनासा झाल्याचं त्याला फार लागलं होतं. सांगणार कुणाला?

त्यात तिचा खुबा गेला. नोव्हेंबरात ऑपरेशन, आणि डॉक्टरने बजावलं की त्यानंतर धावणं बंद. शंभरावी व्हायची तर ऑक्टोबरातच, आणि जवळपास दुसरी शर्यत उरली नव्हती. तिने गावच्या तळ्याकाठी स्वतःच शर्यत भरवली. तळ्याच्या वाटेने जायचं, टोकाला ठेवलेल्या ड्रमला वळसा घालून यायचं, अशा सव्वीस फेऱ्या. नवरा ड्वेनने चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचं, मोठं पातेलं चढवलं, आणि तपासणीला समितीकडून, आपलं अंतर मोजायचं दांडीचं चाक ढकलत, कोण येणार? व्हर्लिनच.

सकाळी माणसं मोजली. मार्लिस धरून नऊ. दहाव्याचं पोर आजारी, तो आलाच नाही.

 मार्लिस वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "व्हर्लिन, तू धाव."

"मी तपासनीस आहे."

"तपासनीसाने धावू नये असं कुठल्या नियमात आहे?"

व्हर्लिनने मनातल्या मनात सगळी नियमावली उलगडली. कुठेच नव्हतं. स्वतःच लिहिलेली, बोंब कुणाच्या नावाने मारणार? "पण माझे गुडघे," तो पुटपुटला.

"वेळेची मर्यादा आहे का?"

तीही नव्हती.

मग काय! अंगात इस्त्रीची पँट, पायात चर्चला जायचे बूट, हातात चाक. तसाच निघाला. चाक सोडायला तयार नाही, म्हणाला, मोजणी राहिलीय, ती होता होता होईल. शिवाय टेकायला बरं. आकडा मात्र शेवटीच बघायचा, अर्ध्या मापात डोकवायचं नाही, ही त्याची नोकरीतली शिस्त.

एकेक करत नऊही जण पोचले. मार्लिस खुबा धरत, दात खात पोचली. पण केकला हात लावीना. "दहावा येऊ दे." सगळे चिलीचे वाडगे घेऊन घोंगड्या पांघरून बसले, आणि दर फेरीला व्हर्लिन समोरून जाई तेव्हा ड्वेन ओरडे, "अरे, चाक पुढे गेलं, तू मागे राहिलास!"

ऊन कलल्यावर तो आला. अक्षरशः चाकावर लोंबकळत. टाळ्या, शिट्ट्या, मार्लिसच्या डोळ्यांत पाणी. रेघ ओलांडली, आणि व्हर्लिनने सवयीने चाकावरचा आकडा बघितला.

पाव मैल कमी.

पुन्हा बघितला. तेवढाच. मग वळायच्या ड्रमकडे नजर गेली. "ड्वेन, ड्रम हलवलास?"

"सकाळी जरासा ओढला अलीकडे. तुम्ही सुरू व्हायच्या आधी. लोकांना चिली लांब पडली असती."

जरासा! दर फेरीला जरासा, आणि फेऱ्या सव्वीस. आकडा एकट्या व्हर्लिनला दिसत होता. चाकावर एक बटण असतं, दाबलं की सगळं शून्य. कुणाला कळलं नसतं. त्याचा अंगठा बटणावर होता. मार्लिसने सुरी हातात घेतली होती, निळं जॅकेट खुर्चीवर ठेवलं होतं. आता बोललो तर ही बाई मेल्यावरसुद्धा माझ्याशी बोलायची नाही, असं त्याला वाटलं. तरी त्याने अंगठा बटणावरून काढला.

"मार्लिस," तो म्हणाला, "पाव मैल कमी पडलंय. सगळ्यांचंच."

 एकजण म्हणाला, "गप बस रे! कोण बघतंय?" दुसऱ्याने सरळ शिवी हासडली. ड्वेन बिचारा ड्रमाकडे असा बघत होता, जणू ड्रमच आपणहून चालत आला होता.

मार्लिसने सुरी खाली ठेवली. खुर्चीचे हात धरून, कण्हत, ती उठली. "घड्याळ बंद केलंय का कुणी?"

"वेळेची मर्यादा नाही," व्हर्लिन म्हणाला.

"मग उठा मेल्यांनो! एकदा केक कापून फसलेय, दुसऱ्यांदा नाही फसायची."

उठले. करवादत, लंगडत, हातात वाडगे तसेच घेऊन नऊ माणसं वाटेला लागली. व्हर्लिनला पहिलं पाऊलच उचलेना. मार्लिस मागे फिरली, त्याच्या काखेत हात घातला.

"तू चाक धर," ती म्हणाली, "मी तुला धरते. आणि रविवारी सातला तयार राहा, हॉर्न एकदाच वाजवीन."