नवऱ्यालाच तर सांगितलं

इथे परदेशात, पापाकुरा नावाच्या उपनगरातल्या एका दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, आज कशासाठी आलात? त्यावर माणसं इतक्या सफाईने खोटं बोलतात की मला वीट आलाय. आम्ही मराठी मंडळीही काही कमी नाही. माझी धाकटी जाऊ इथे आल्यावर वर्षभर अंथरुणातून उठत नव्हती, तेव्हा पुण्याला सासरी फोनवर मीच 'थायरॉइड' म्हणून सांगत होते.

एक चिनी जोडपं दर महिन्याला यायचं. ती एका बेकरीत कामाला, नवरा पेनरोज भागातल्या गोदामात सुपरवायझर. तिला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. तिचं डोकं दुखायचं, छातीवर दडपण यायचं, झोप नव्हती. पण मी विचारलं की उत्तर तो द्यायचा.

"पोट. स्टमक लिहा."

मी लिहायचे. डॉक्टरीणबाईंना शंका आली, तेव्हा त्यांनी फोनवरून दुभाषा देऊ केला. नवऱ्याने साफ नकार दिला. त्यांची भाषा बोलणारे इथे सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणाला, उद्या गावभर होईल. आजारबिजार काही नाही, ती विचार फार करते, मन कच्चं आहे, काढा चालू आहे. हे सगळं तिच्यादेखत. ती फरशीकडे बघत होती. मला त्याचा इतका राग आला की दिवसभर डोक्यातून जाईना.

मग एका सकाळी ती एकटीच आली. बेकरीतून थेट, बाह्यांना पीठ लागलेलं. तिने फोनमध्ये आपल्या भाषेत काहीतरी लिहिलं आणि इंग्रजी झालेला मजकूर माझ्यापुढे धरला. दुसऱ्या शहरातला दुभाषा मिळेल का? त्याला माझं नाव सांगू नका. मला जगावंसं वाटत नाही.

मी तिला तशीच डॉक्टरीणबाईंकडे नेली. फोनच्या आधाराने त्यांनी तिच्याशी जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं. नीट बोलायला दुभाषा हवाच होता. तो मी शोधला, पार देशाच्या दुसऱ्या टोकाचा, दक्षिण बेटावरचा, नाव न सांगण्याच्या अटीवर. गुरुवारी दोन वाजता. जाताना तिने दोनदा मान लववली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

बुधवारी तिच्या नवऱ्याचा फोन आला. बायकोची या महिन्याची अपॉइंटमेंट कधी आहे, मी तिला सोडायला येईन म्हणतो.

पेशंटने परवानगी दिल्याशिवाय घरच्यांनाही काही सांगायचं नाही, हा नियम मला पाठ आहे. त्या नियमाच्या कागदावर माझी सही आहे. पण तो सोडायला येईन म्हणाला आणि मी विरघळले. आमच्याकडे नवरा म्हणजे कुणी परका नसतोच. मी दिवस सांगितला, वेळ सांगितली. वर त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "अजिबात काळजी करू नका, दुभाषा दुसऱ्या शहरातला आहे."

"दुभाषा?" त्याने विचारलं. मग थँक यू म्हणाला.

गुरुवारी दोन वाजता दुभाषा फोनवर ताटकळत होता आणि खुर्ची रिकामी होती. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. मी खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी लगेच तिला फोन लावला, तो नवऱ्याने उचलला. ती बरी आहे, म्हणाला. नंतर मला लेखी समज मिळाली.

घरी सांगितलं तर माझा नवरा म्हणतो, "अगं, नवरा आहे तो तिचा! त्याला नाही तर कोणाला सांगणार?" मला त्याची किळस आली. ताटावरून उठले. बुधवारी माझ्याही डोक्यात हेच वाक्य होतं.

पुढच्या आठवड्यात दोघं आली, दवाखाना बदलायचा म्हणून. त्याने संत्र्यांचा खोका काउंटरवर ठेवला. मला, बक्षीस.

"यू इंडियन, सेम लाइक अस," तो म्हणाला. "फॅमिली काय असते ते तुम्हाला कळतं. इथल्या लोकांना नाही कळत."

शिसारी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी त्या खोक्याला हातही लावला नाही. ती त्याच्यामागे उभी होती. या वेळी फरशीकडे नाही, सरळ माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तरी मला चाललं असतं. आता हिच्याकडे मदत तरी काय मागायची, एवढंच त्या बघण्यात होतं.

सॉरी म्हणायला मी तोंड उघडलं. तो शेजारीच होता. सॉरी कशाबद्दल, हे त्याने विचारलं असतं, आणि घरी गेल्यावर त्याचं उत्तर तिला द्यावं लागलं असतं.

"नो वरीज," मी म्हणाले, आणि सही कुठे करायची ते तिला बोट ठेवून दाखवलं.