नात्तो सोडलेली बाई

ओनुमा सानाएचा जन्म मितोचा, म्हणजे थेट नात्तोच्या गावचा. तिचे वडील उकडलेले सोयाबीन भाताच्या काडात बांधून आंबवायचे आणि विकायचे. तो चिकट, तार सुटणारा नात्तो गरम भातावर घेतल्याशिवाय त्या घरात कुणाचा दिवस उजाडत नसे. अशी ही बाई कोबेला आली, एका दातांच्या दवाखान्यामागच्या इमारतीत पेशी वाढवायच्या कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी तिला सांगितलं गेलं, "इथं राहायचं तर नात्तो बंद."

कारण साधंच आहे. नात्तोचे जंतू भलते चिवट. हात धुवा, स्पिरिट चोळा, ते मरायचं नाव घेत नाहीत. केसांवरून, कपड्यांवरून आत येतात आणि एकदा पेशींच्या बाटलीत शिरले की बाटली गढूळ, झालं, सगळी मेहनत मोरीत. बरं, पेशी तरी कुणाच्या? पेशंटच्या स्वतःच्या. नको असलेली अक्कलदाढ काढायची, तिच्या पोटातला तांदळाएवढा गर घ्यायचा, त्यातल्या मूळ पेशी उबेच्या कपाटात हळूहळू वाढवायच्या आणि त्याच माणसाच्या मेलेल्या दातात सोडायच्या. सगळं जमून आलं तर दातात पुन्हा रक्त खेळतं, नस धरते. दाढ एकच असली तर दुसरा डाव नाही.

तर सानाएनं नात्तो सोडला. अकरा वर्षं झाली. दर नवीन वर्षाला वडील काडाची जुडी पाठवायचे. ती न सोडताच खालच्या मजल्यावरच्या बाईंना द्यायची. त्या बाई पक्क्या कोबेच्या, आणि कोबे-ओसाकाकडच्या माणसांना नात्तोचा वाससुद्धा सोसत नाही, त्या बहुतेक गुपचूप फेकून देत असणार. पण सानाएला त्याचं दुःख नव्हतं. पेशींच्या खोलीचे प्रमुख कुरोइवा सेन्सेई, म्हणजे कुरोइवा सर, पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या ओनुमासानच्या हाताला गुण आहे," तेवढ्यावर तिचं पोट भरायचं.

मग मिचिरु आली. ओसाकाची पोरगी, बडबडी, पंचविशीतली. सेन्सेईंनी तिला नियम सांगितला तर ती म्हणाली, "नात्तो? शी! मोजे आंबल्यासारखा वास येतो त्याला. पैसे दिले तरी खाणार नाही मी!"

सगळे हसले. सानाएही हसली, पण आत कुठंतरी चरचरलं. हिनं काय सोडलं? काही नाही! मला जे सोडताना ब्रह्मांड आठवलं, ते हिला आपोआप जमतंय.

तेवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण मिचिरुच्या पेशी अशा काही वाढायला लागल्या की विचारू नका. सानाएच्या बाटलीचा तळ पेशींनी भरायला जेवढे दिवस लागत, त्याच्या आधीच हिचा तळ भरलेला. पोरगी मास्कच्या आड काहीतरी गुणगुणत काम करायची. एकदा सानाएनंही गुणगुणून पाहिलं. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली तिला, की दिवसभर ती कुणाशी धड बोलली नाही. आता सेन्सेई पाहुण्यांना मिचिरुच्या टेबलाशी नेत. "हाताला गुण आहे हिच्या," हेच शब्द, जसेच्या तसे! मेल्यांना दुसरे शब्दसुद्धा सुचू नयेत?

त्यात कोहारुची दाढ आली. कोहारु शाळेच्या संघात बेसबॉल खेळणारी मुलगी. चेंडू तोंडावर बसून तिचा समोरचा दात मेला होता. अक्कलदाढ तिला एकच, बाकीच्या हिरडीच्या आतही नव्हत्या. म्हणजे ही बाटली गेली की दातही गेला. असलं नाजूक काम आजवर डोळे झाकून सानाएकडे यायचं.

"कोहारुच्या पेशी मिचिरु बघेल," सेन्सेई म्हणाले. "ओनुमासान, तुम्ही शेजारी असालच."

शेजारी! त्या एका शब्दानं तिच्या जिवाची लाही लाही झाली. दोन आठवडे ती शेजारी बसली आणि ती बाटली भरत जाताना बघत राहिली.

एके दिवशी घरी जाताना तिनं दुकानातून नात्तो घेतला. सकाळी भात केला, नात्तो जेवायच्या काड्यांनी घोटून घोटून फेसाळ केला आणि वाडगाभर खाल्ला. चव घ्यायला नव्हे. गढूळ होऊ दे एकदा तिची बाटली, मग बघू कुणाच्या हाताला किती गुण आहे ते!

आत जाण्याआधी चपला बदलायच्या बाकावर पाळीपाळीनं एकानं बाकीच्यांना विचारायचं, "नात्तो?" आणि समोरच्यानं मोठ्यानं म्हणायचं, "नाही खाल्ला." खोलीची रीतच आहे ती. त्या दिवशी विचारायची पाळी मिचिरुची होती. तिनं दोघांना विचारलं, मग सानाएकडे बघून हसली.

"तुम्हाला काय विचारायचं, ओनुमासान? तुम्हाला विचारणं म्हणजे तुमचा अपमानच की." आणि तिनं दारच उघडून धरलं.

खोटं बोलायचीसुद्धा गरज उरली नव्हती. सानाएचा एक पाय आतल्या चपलेत गेला होता. काचेपलीकडे कपाट, कपाटात कोहारुची बाटली. तिला वडिलांच्या जुड्या आठवल्या, एकही तिनं उघडली नव्हती.

"खाल्लाय," ती म्हणाली.

"हो का!" मिचिरु हसली. "आणि मी दोन वाडगे खाल्ले."

"चेष्टा नाही गं. सकाळी खाल्लाय. दार लाव."

"तुम्ही? पण का?"

"तुझ्यावर जळते म्हणून! आता लाव म्हटलं ना ते दार!"

मिचिरुचा चेहरा पांढरा पडला. तिनं दार लावलं.

सेन्सेईंना सानाएनं फक्त खाल्ल्याचं सांगितलं. त्यांनी तिला तीन दिवस बाहेर बसवलं आणि तिच्याही बाटल्या मिचिरुकडे दिल्या. त्याही वाढल्या. झकास वाढल्या, काय सांगावं!

पुढच्या वसंतात कोहारु मिठाईचा डबा घेऊन आली. डॉक्टरांनी पेशी सोडलेल्या दाताला बर्फ लावला तेव्हा ती "थंड! आई, थंड लागतंय!" असं ओरडून रडायलाच लागली होती म्हणे. तिनं मिचिरुसमोर कमरेत वाकून आभार मानले आणि मग सानाएकडे वळली.

"तुम्हीपण होतात ना तेव्हा? तुम्ही काय केलंत माझ्यासाठी?"

मिचिरु खाली मान घालून डब्याची दोरी सोडत राहिली. सानाएच्या पोटात अजून तस्संच दुखत होतं, रतीभरही कमी नाही.

"मी?" ती म्हणाली. "मी एका सकाळी आत गेले नाही."

कोहारुला यातलं काही कळलं नाही. पण पोरगी वळणाची, तिच्यापुढंही तेवढीच वाकली.