चाटूवरचा राघू

जामनेरच्या बेबाबाईंना चित्रांचा भारी सोस. कापडाच्या ठाणांवरच्या रंगीत चिठ्ठ्या त्या दुकानातून मागून आणत, त्यांतले राघू, मोर बारीक कात्रीने कापत आणि गव्हाच्या खळीने लाकडी चाटूंच्या, लाटण्यांच्या मुठींवर चिकटवत. वरून सुताराकडच्या राळेचे चार हात देत.

१९५४ साली पुतणी पुष्पाच्या लग्नात त्यांनी रुखवतात अशा अकरा वस्तू मांडल्या. पिंपळनेरच्या विहीणबाई एक चाटू उचलून म्हणाल्या, "हाऊ कागद पयलाच पानीमा निंघी जाई!" सगळे हसले. पुष्पाचा चेहरा उतरला.

बेबाबाईंनी तो चाटू घेऊन सरळ पाण्याच्या हंड्यात सोडला. "पंगत उठेपर्यंत राहू द्या, अक्का." आतून मात्र त्याही धास्तावल्या होत्या, इतका वेळ पाण्यात त्यांनी कधीच काही ठेवलं नव्हतं.

पंगत उठल्यावर विहीणबाईंनीच चाटू बाहेर काढला, पदराने पुसला, नखाने खरवडून पाहिला. राघूचं पीससुद्धा सुटलं नव्हतं.

"मन्ही धाकली पोरनं लगीन शे," त्या हळूच म्हणाल्या. "तिलेबी असंच करी दे."

पुढच्या उन्हाळ्यात बेबाबाई कात्री घेऊन पिंपळनेरला महिनाभर राहिल्या आणि तिथल्या पोरीबाळींनाही ते काम शिकवून आल्या.