चौगुले साहेबांच्या पुढचं नाव

चौगुले साहेब गेल्याचं मला उपकेंद्रात लस टोचताना कळलं. हातात रडणारं पोर, टेबलावर थरथरणारा फोन, आणि ग्रुपवर हार घातलेला त्यांचा फोटो... पोराला टोचलं, आईच्या हातात दिलं, आणि मग तो फोटो परत उघडून बघितला. सांगलीतल्या एका सरकारी आरोग्य कचेरीत कॉम्प्युटरचं काम बघणारा हा माणूस. आम्हा नदीकाठच्या नर्सबायांना मात्र तो पुराचा माणूस म्हणूनच माहीत.

पाणी चढायला लागलं, की दिवस भरत आलेल्या बायांना रस्ता बंद व्हायच्या आत दवाखान्यात हलवायचं, हे आमचं काम. कोण बाई कुठल्या गावात, गाडी कुठं, खाट कुठं रिकामी, सगळं कॉम्प्युटरवर दिसायचं. साहेबांनीच ते बसवलेलं, आणि त्यांचाच त्यावर भरवसा नव्हता! ऐन उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना आम्हाला गोळा करायचे आणि म्हणायचे, "पूर आलाय. नेट गेलंय. आता काय?" मग साधे फोन. गावातून मला, माझ्याकडून मोठ्या केंद्राला, तिथून साहेबांना. गाडी आणि खाट ते जोडून देणार. कवठे महांकाळला तर बायांनी फिरकीच घेतली. आवं साहेब, हितं प्यायला पाणी न्हाई, पूर कुठला आणताय? साहेब हसले, म्हणाले, साथ तर येईल की, ती काय पाण्याची वाट बघतीय? आणि सराव करून घेतलाच. लय चिवट माणूस.

खऱ्या पुरात त्यांचे हाल व्हायचे. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणारा. फोन घेता घेता दिवस मावळायचा आणि डबा तसाच घरी परत जायचा. वहिनी रागवायच्या, मीही रागवायचे, दुसऱ्या कुणाला तरी फोन धरू द्या की. तर म्हणायचे, "मुलाणीबाई, दुसरं कोण हाय, ते तुमीच सांगा."

हाच त्यांचा घोर होता. साखळीतल्या प्रत्येकीच्या नावापुढं त्यांनी दुसरं नाव लिहून घेतलं होतं. बाई आजारी पडली, बाईचंच घर पाण्यात गेलं, तर कोण? माझ्यापुढं शेजारच्या गावची रेश्मा. साहेबांच्या नावापुढं मात्र काहीच नाही. एका कंत्राटी मुलीला त्यांनी तयार केलं, तर तिचं कंत्राट संपलं. वर मागणी केली, तर पद मंजूर नाही. गेल्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन दवाखान्यात राहून आले आणि बैठकीत परत तोच विषय काढला. वरचे साहेब म्हणाले, चौगुले, तुम्ही आहात की खंबीर, कुठं पळून चाललाय? सगळे हसलो. साहेब नाही हसले... खाली बघून चष्मा पुसत राहिले. आम्हाला वाटलं, आपण त्यांचा मानच राखतोय. माणूस दमलाय, हे एकालाही दिसू नये? फार वाईट वाटतं हो त्याचं.

ते गेले त्याला महिना होतोय न होतोय तोच कृष्णा चढली. नेट गेलंच. माझ्या गावात एक पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या, दारात ट्रॅक्टर उभा. ती वाटेत ट्रॅक्टरवरच बाळंत झाली आणि दोघं सुखरूप आहेत, हे आधीच सांगते. त्यात आमची हुशारी काही नाही, नशीब तिचं. मोठ्या केंद्राचा फोन लागेना, म्हणून मी सवयीनं थेट पुढचा, साहेबांचा नंबर फिरवला. रिंग वाजली आणि भान आलं. ठेवणार, एवढ्यात तिकडून वहिनींचा आवाज आला. फोन त्यांनी चालू ठेवला होता. इतकी वर्षं घरात हेच कानावर पडलेलं. त्यांनी गाव विचारलं, बाईचं नाव विचारलं, कळा कधीपासून ते विचारलं. मी सांगितलं, त्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "आता हे मी पुढं कुणाला सांगू?"