डब्बेवाली मॅडम

डब्बेवाली मॅडमना कुणी 'झालं' म्हटलेलं चालत नसे. "झालं म्हणू नको, दाखव," म्हणत त्या हॉलच्या दुसऱ्या टोकाहून उठून थेट माझ्या टेबलाशी येत. त्यांची खुर्ची बहुतेक वेळ रिकामीच दिसायची.

गोंदियाच्या त्या छोट्या कारखान्यात आम्ही धानाचा ओलावा मोजायची यंत्रं बनवायचो. आतलं सर्किट बोर्ड मी संगणकावर आखायची. ते ज्यात बसायचं तो प्लास्टिकचा डबा मॅडम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आखायच्या, म्हणून हे नाव. मी बोर्डावरचा एखादा भाग सरकवून बदल पाठवला की त्यांच्याकडेही तो सरकायला हवा, अशी सोय होती. माझी ती पहिलीच नोकरी; देवरीहून रोज बसनं जायची.

एकदा डब्याच्या साच्याचं ड्रॉइंग नागपूरला गेलं होतं. साचा कापायला घेणार, त्या सकाळी मॅडमना राहवेना. दोन्ही सॉफ्टवेअर 'बदल स्वीकारले' म्हणत होती, तरी त्यांनी दोघींची चित्रं छापली आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली. केबलचं सॉकेट माझ्या कागदावर सरकलेलं, त्यांच्या कागदावर जुन्याच जागी. म्हणजे सॉकेटसमोर छिद्राऐवजी डब्याची भिंत आली असती.

मालक माझ्याकडे बघत म्हणाले, "गलती किसकी है, पहले ये बताओ."

"गलती मंग पाहू," मॅडम म्हणाल्या. "पहिले साचेवाल्याले थांबवा. जबाबदारी माझी."

मग त्या स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या. एकेक भाग हलवायचा, पाठवायचा, त्यांच्या पडद्यावर जाऊन पाहायचा. काही सरकत, काही जागचे हलत नसत. घाईत मी एकच भाग दोनदा पाठवला. "घाबरून काऊन राहिली? कम्प्युटर का खाऊन राहिला तुले?" त्या म्हणाल्या. मला हसू आलं आणि डोकं चालायला लागलं. न हलणाऱ्या भागांचे क्रमांक दोन्हीकडे वेगळे होते. माझ्या सॉफ्टवेअरनं बोर्ड पक्कं करताना त्या भागांना आपोआप नवे क्रमांक दिले होते. मॅडमकडे जुनेच राहिले. जो क्रमांक तिकडे सापडत नसे, त्याचा बदल गुपचूप गळत होता. मॅडमनी अख्ख्या बोर्डाचं चित्र आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं मागवलं, तेव्हा सॉकेट जागेवर आलं.

त्या मालकांच्या केबिनच्या दारातूनच ओरडल्या, "सापडलं! हिनं पकडलं." स्वतःचं नाव त्यांनी घेतलंच नाही.

पुढे मला पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलं. बाबा नाही म्हणाले. मी मॅडमना नुसतं सांगितलं होतं. रविवारी त्या देवरीला आमच्या ओसरीवर हजर.

"काकाजी, हे गेली तर तरास मलेच हाय. तरी सांगून राहिली, जाऊ द्या."

बाबांनी त्यांना पाणी आणून दिलं. मग म्हणाले, "एवढ्या दूर सोबत कोण जाईल?"

"मी जातो ना," मॅडम म्हणाल्या.

आणि खरंच आल्या. वसतिगृहाच्या खोलीची कडी, खिडकी, नळ सगळं तपासलं. निघताना माझे डोळे भरले तशा म्हणाल्या, "रडतं कायले? आता तुझ्या जागी नवीन पोरगी येईल, तिले पहिल्यापासून शिकवा लागन मले. रडाले तर मी पायजे."

एवढं बोलून त्या रिक्षात बसल्या. रिक्षा वळेपर्यंत त्यांनी पदर डोळ्यांवरून काढला नाही.